औषधाआधी ओळख

उन्हाळा लागला की रावेर-यावलच्या केळीपट्ट्यातून एक प्रश्न हमखास येतो. शेततळ्याचे पाणी हिरवे झालेले असते, फिल्टर दिवसातून चार-चारदा धुवावा लागतो आणि ओळीच्या शेवटच्या झाडांपर्यंत पाणी पोहोचत नाही. शेतकरी बाटलीत पाणी भरून आणतो, टेबलावर ठेवतो आणि विचारतो, "सर, याला काय मारायचं?" साक्री-शिरपूरकडून येणाराही तेच विचारतो, पीक बदलते, प्रश्न बदलत नाही. बहुतेकदा तो निम्मे उत्तर सोबत घेऊनच आलेला असतो. कुणीतरी त्याला मोरचूद सांगितलेले असते. त्याला फक्त किती टाकायचे तेवढे हवे असते.

हे पुस्तक त्या प्रश्नाच्या एक पाऊल अलीकडचे आहे. बाटलीत आहे ते कोण, हे आधी ठरले पाहिजे. पाण्यात तरंगणारे शेवाळ, तळ्याच्या कागदाला धरून वाढणारे शेवाळ, ठिबकच्या नळीतला चिकट थर आणि तळाशी उगवलेली चुनखडीच्या सालीची झुडपे या सगळ्यांना एकच औषध देणे म्हणजे तापाच्या प्रत्येक रोग्याला एकच गोळी देणे आहे. यांतल्या काहींवर मोरचुदाचा फारसा परिणाम होत नाही. काही मरतात आणि मरताना पाण्यात विष सोडतात. एक तर असे आहे की त्याला हात न लावण्यातच शहाणपण आहे. ही निवड ओळखीवर ठरते, आणि ओळख करून घ्यायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. डोळे, बोटे, नाक, काचेची बरणी आणि दहापट मोठे दाखवणारे भिंग एवढ्यावर बरेचसे काम होते, असे या विषयात वर्षानुवर्षे काम केल्यावर माझे ठाम मत झाले आहे.

शेवाळ सगळीकडेच वाढते, मग जळगाव-धुळ्यासाठी वेगळे पुस्तक कशाला, असे कुणी विचारील. कारण इथले पाणी वेगळे आहे. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या घरात जातो. पावसाळा सोडला तर आभाळ बहुतेक निरभ्र असते. विहिरी-बोअरचे पाणी जड, म्हणजे त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार भरपूर. आणि त्यात नायट्रेट आहे. केंद्रीय भूजल मंडळाच्या अहवालांत या दोन्ही जिल्ह्यांतल्या विहिरींचे नायट्रेट पिण्याच्या पाण्याची लिटरला ४५ मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडून गेल्याच्या नोंदी आहेत. ते कुठून येते याचा हिशेब केळीच्या बागेत उभे राहूनच मांडता येतो. दीड बाय दीड मीटरवर लागवड केली तर हेक्टरी ४,४४४ झाडे बसतात. झाडामागे २०० ग्रॅम नत्राची शिफारस धरली तर एका हेक्टरात जवळजवळ ८९० किलो नत्र जाते. ठिबकमधून थोडे थोडे दिले तर झाड त्यातले बरेच उचलते. घाईघाईने टाकलेला युरिया आणि मोकाट पाणी मात्र खाली उतरते आणि विहिरीला मिळते. तेच पाणी उपसून शेततळ्यात भरायचे, वर ऊन, खाली प्लास्टिकचा कागद, आणि वाऱ्याशिवाय हलवणारे कोणी नाही. राहता राहिला स्फुरद. तो गोठ्याच्या पाण्यातून, धुण्याच्या साबणातून, माशांच्या खाद्यातून आणि बांधावरून वाहून आलेल्या मातीतून येतो.

गोड्या पाण्यात खरा लगाम बहुधा या स्फुरदाच्या हाती असतो. कॅनडात डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात हे एका तळ्यावर दाखवून दिले. २२६ क्रमांकाच्या त्या तळ्याच्या मधोमध पडदा टाकून त्याचे दोन भाग केले. दोन्ही भागांत नत्र आणि कर्ब घातले, स्फुरद मात्र एकाच भागात. तेवढाच भाग हिरवागार झाला. विमानातून घेतलेले त्याचे छायाचित्र जलशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतून आजही छापले जाते. शेततळ्याच्या वरच्या अंगाला उकिरडा असलेल्या प्रत्येकाने ते पाहावे असे मला फार वाटते.

खानदेशाला पाणी अडवणे नवे नाही. पांझरा नदीच्या काठची फड पद्धती शतकानुशतके चालत आली, पण ती वाहत्या पाण्यावर चालली. बंधाऱ्यातून पाट, पाटातून चारी, आणि पाळी संपली की चारी कोरडी. उन्हात कोरडी पडलेली चारी शेवाळाला टिकू देत नाही. पाटकऱ्याला त्यासाठी वेगळे काही करावे लागत नसे. आजचे पाणी स्थिर आहे. २०१६ साली राज्यात 'मागेल त्याला शेततळे' ही योजना आली आणि शिवाराशिवारात तळी झाली. तीस बाय तीस मीटरच्या आणि तीन मीटर खोल तळ्यात, बाजूंचा उतार धरून, सुमारे बावीस लाख लिटर पाणी बसते. हा आकडा लक्षात ठेवावा, कारण औषधाचे सगळे हिशेब त्यावरून होतात. लिटरला एकच मिलिग्रॅम मोरचूद द्यायचे म्हटले तरी अशा तळ्याला २.२ किलो लागते. आमच्याकडे मूठभर टाकणारेही येतात आणि पोते ओतणारेही. मुठीने काही होत नाही. पोते ओतले तर मासे जातात, आणि जड पाण्यात तांब्याचा बराचसा अंश क्षारांशी जुळून तळाला बसतो. तिथून तो जात नाही. वर्षानुवर्षे गाळात साचतो, आणि तळे साफ करताना तो गाळ शेतातच पसरला जातो.

आता बाटलीकडे वळू. यावलकडून आलेली एक बाटली सांगतो, कारण पुस्तकातल्या अर्ध्या कसोट्या त्या एका बाटलीत दिसतात. पाणी गडद हिरवे, आरपार न दिसणारे, वास कुबट. त्यात काडी बुडवून वर काढली तर काडीला धागा लागला नाही. हिरवा लेप तेवढा लागला. म्हणजे धाग्यांची शेवाळे इथेच बाद झाली. बाटली न हलवता रात्रभर ठेवून दिली. सकाळी सगळा हिरवा रंग वरच्या बोटभर पट्टीत गोळा झालेला होता आणि खालचे पाणी जवळजवळ स्वच्छ होते. साधे हिरवे शेवाळ बहुधा तळाशी बसते. असे वर येते ते बहुधा मायक्रोसिस्टिस: त्याच्या पेशींत वायूच्या सूक्ष्म पोकळ्या असतात आणि त्यांच्या बळावर ते पाण्यात वर-खाली होते. भिंगाखाली वेडेवाकडे ठिपके दिसले, आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेका ठिपक्यात चिकट द्रवाने धरून ठेवलेल्या शेकडो पेशी. मग त्यातले चमचाभर डबीत घालून बर्फाच्या कप्प्यात ठेवले. ती डबी पुन्हा स्वयंपाकघरात वापरायची नाही, हे आधीच सांगून ठेवतो. दुसऱ्या दिवशी बर्फ वितळला तेव्हा पाण्याला निळी झाक आलेली होती. हा निळा रंग फायकोसायनिनचा. पेशी फुटली की तो पाण्यात उतरतो, आणि हिरव्या शेवाळात तो नसतोच. निळ्या-हिरव्या गटाची घरच्या घरी करता येणारी याहून चांगली कसोटी मला माहीत नाही.

आणखी एक कसोटी आयोडीनची. औषधाच्या दुकानातले टिंक्चर आयोडीन थेंबभर पाण्यात पातळ करून शेवाळावर सोडायचे. हिरव्या शेवाळात पिष्ट साठवलेले असते, त्यामुळे भिंगाखाली निळे-काळे ठिपके उमटतात. निळ्या-हिरव्यात ते पिष्ट नसते. ते तपकिरी-पिवळे पडते, काळे पडत नाही. निळा-हिरवा गट खरे तर जिवाणूंचा आहे, शास्त्रज्ञ त्याला सायनोबॅक्टेरिया म्हणतात. तरी तो या पुस्तकात पहिल्या क्रमांकावर घेतला आहे, कारण ओळख चुकली तर सर्वांत मोठी किंमत इथे मोजावी लागते.

ती किंमत कोणती, ते स्पष्ट लिहिले पाहिजे. मायक्रोसिस्टिसच्या काही वाणांत यकृतावर घाव घालणारे विष असते. सगळ्यांत नसते, पण कोणत्यात आहे हे डोळ्यांनी कळत नाही. म्हणून सगळेच विषारी धरून चालावे. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात या विषाच्या मुख्य प्रकाराला लिटरमागे १ मायक्रोग्रॅम एवढीच मर्यादा घातली आहे. पाणी उकळून ते जात नाही. १८७८ साली जॉर्ज फ्रान्सिस यांनी 'नेचर' या नियतकालिकात ऑस्ट्रेलियातल्या अलेक्झांड्रिना सरोवराची हकिकत कळवली होती: काठाला जमलेली हिरवी साय पाण्याबरोबर पोटात गेलेली गुरे-मेंढ्या मेली. ती साय याच गटातल्या दुसऱ्या एका जातीची होती. १९९६ साली ब्राझीलमधल्या कारुआरू शहरात एका डायलिसिस केंद्राला पुरवलेल्या पाण्यातून हे विष रुग्णांच्या थेट रक्तात गेले आणि पन्नासाहून अधिक माणसे दगावली. आपल्याकडे शेततळ्यावर गुरे जातात, शेळ्या जातात, कुत्री पाण्यात उतरतात. त्यात मोरचुदाचा भाग असा, की जिवंत पेशीत विष बहुतेक आतच असते. मोरचूद मारले की पेशी फुटतात आणि ते एकदम पाण्यात येते. पाणी निवळलेले दिसते तेव्हाच ते जास्त धोक्याचे असू शकते. ज्या तळ्यावर जनावरे पाणी पितात तिथे काठाला निळसर-हिरवी साय दिसली, तर पहिले काम कुंपणाचे, औषधाचे नंतर.

धाग्यांची शेवाळे त्या मानाने सरळ मनाची. काडीला जे लागते ते बोटांत धरून पाहावे. स्पायरोगायरा बोटांतून निसटते. त्याच्या धाग्याभोवती बुळबुळीत आवरण असते, आणि सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक पेशीत हिरवी पट्टी फिरत गेलेली दिसते. ती एकदा पाहिली की माणूस विसरत नाही. क्लॅडोफोरा त्याच्या उलट: हाताला खरखरीत, पिळले तर पाणी निघून गोळा उरतो, आणि भिंगाखाली धाग्याला फांद्या दिसतात. पंपाच्या फुटव्हॉल्व्हला आणि फिल्टरच्या जाळीला गुंडाळून बसते ते बहुधा हेच. हायड्रोडिक्टिऑन, म्हणजे पाणजाळे, ओळखायला सर्वांत सोपे. तळहातावर पसरले की पाच-सहा कोनांची जाळी नुसत्या डोळ्यांनी दिसते. या जाळीच्या प्रत्येक पेशीच्या पोटात नवी जाळी तयार होते, त्यामुळे हे फार झपाट्याने पसरते. या तिघांवर औषध वाया घालवू नये. दाताळ्याने किंवा दोन काठ्यांमध्ये बांधलेल्या जुन्या शेडनेटने ओढून बाहेर काढावे आणि पाण्यापासून लांब नेऊन टाकावे, कारण त्याबरोबर त्याने खाल्लेला नत्र-स्फुरदही तळ्याबाहेर जातो. काठावर ठेवले तर पहिल्या पावसात ते परत पाण्यात उतरते. मासे सोडायचे असतील तर गवत्या अशी काही शेवाळे खातो; चंदेरा पाण्यात तरंगणारे सूक्ष्म शेवाळ गाळून घेतो. कोणता मासा हेही शेवाळाच्या ओळखीवरच ठरते.

हात लावू नये असे मी म्हटले ते कारा. तळाशी उभे राहते, वीतभर ते हातभर उंच, सांध्या-सांध्यांवर पानांसारखी वलये. पाहणाऱ्याला ती वनस्पतीच वाटते. मुळे नसतात. हातात घेतले तर खरखरीत आणि ठिसूळ, कारण जड पाण्यातला चुना तिच्या अंगावर साल धरतो. चुरडले की लसणाच्या जवळ जाणारा उग्र वास येतो. कारा असलेल्या तळ्याचे पाणी बहुधा नितळ असते, कारण अन्नद्रव्ये तिने धरून ठेवलेली असतात. तिला मारले की तेवढी सगळी अन्नद्रव्ये मोकळी होतात आणि पंधरवड्यात पाणी हिरवे होऊ शकते. पंपाच्या तोंडाशी अडचण होत असेल तर तेवढी जागा हाताने मोकळी करावी. बाकीची राहू द्यावी.

पाण्यावर तरंगणारी दोन-तीन मिलिमीटरची गोल पाने म्हणजे लेम्ना. ती फुलणारी वनस्पती आहे, शेवाळ नव्हे. जलपर्णीही शेवाळ नव्हे, हायड्रिलाही नव्हे. मेहरूण तलावाच्या काठावर किंवा गाळाने उथळ झालेल्या हतनूर धरणाच्या फुगवट्यात उभे राहून जे जे हिरवे दिसते त्याला सरसकट शेवाळ म्हणण्याची सवय आपल्याला आहे. या पुस्तकातली पहिली चित्रपट्टी ती सवय मोडण्यासाठीच घातली आहे.

गावातले सांडपाणी जिथे पाण्याला मिळते तिथली शेवाळे निराळी. काठच्या चिखलावर काळपट-हिरवी, निसरडी चादर, उचलली तर सोलल्यासारखी निघणारी आणि मातकट-कुबट वासाची, ती ऑसिलेटोरिया. तिचा धागा सूक्ष्मदर्शकाखाली हळूहळू डुलताना दिसतो. पाण्यावर विटकरी रंगाची पातळ साय सकाळी दिसत नाही, दुपारच्या उन्हात उमटते आणि संध्याकाळी पुन्हा हिरवट होते, ती युग्लिनाची एक जात. सी. मर्व्हिन पामर यांनी १९६९ साली वीस प्रजातींना गुण लावून एक तक्ता केला. त्यात युग्लिना आणि ऑसिलेटोरियाला सर्वाधिक, पाच-पाच गुण आहेत. एका नमुन्यात सापडलेल्या प्रजातींची बेरीज वीस किंवा वर गेली तर पाण्यात सेंद्रिय घाण भरपूर आहे असे समजायचे. पांझरेच्या काठच्या शाळांनी हा तक्ता हाताशी धरून दर महिन्याला एक नमुना पाहिला, तर नदीविषयी सभा-भाषणांत होते त्यापेक्षा बरेच नेमके बोलता येईल. म्हणून तो तक्ता मी मुद्दाम पूर्ण दिला आहे.

रंगावर मात्र कधी विसंबू नये. जून २०२० मध्ये शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यातले लोणार सरोवर गुलाबी झाले, तेव्हा सुरुवातीला अनेकांनी ते खाऱ्या पाण्यातल्या एका शेवाळावर ढकलले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले तेव्हा तो रंग हॅलोआर्किया या मीठ आवडणाऱ्या सूक्ष्मजीवांचा निघाला.

ठिबकचे प्रकरण या पुस्तकात सर्वांत लांब आहे, आणि जळगावात बसून ते लांब न करणे शक्य नव्हते. ज्या गावात भवरलाल जैन यांनी ठिबकचा कारखाना उभा केला आणि ज्या जिल्ह्याच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तिथे बंद पडलेला ड्रिपर हा घराघरातला विषय आहे. ड्रिपर बंद पडला की "शेवाळ अडकलं" असे म्हटले जाते. नळी काळी असते, आत उजेड जात नाही, त्यामुळे शेवाळ नळीत वाढत नाही. ते तळ्यात वाढते, फिल्टरमधून तुकड्या-तुकड्याने निसटते, आणि त्याच्या मेलेल्या भागावर जिवाणूंचा चिकट थर बसतो. बंद ड्रिपर ब्लेडने उभा कापावा आणि आत पाहावे. पांढरा, कडक थर असेल आणि त्यावर पातळ आम्लाचा थेंब टाकल्यावर फेस येत असेल तर तो चुना आहे. त्याला क्लोरीनने काही होणार नाही, आम्लच लागेल. तांबूस-तपकिरी लिबलिबीत असेल तर लोह आणि त्यावर जगणारे जिवाणू. हिरवट-करडे, बोटांत ताणले जाणारे असेल तर शेवाळ आणि जिवाणू, आणि तिथे क्लोरीनचे काम. अनेकदा चुना आणि चिकट थर एकमेकांवर चढलेले असतात, तेव्हा दोन्ही उपाय लागतात, पण वेगवेगळ्या दिवशी. आम्ल आणि क्लोरीन एकाच टाकीत कधीही मिसळू नये. त्यातून निघणारा वायू जीव घेतो. हे वाक्य पुस्तकात तीन ठिकाणी छापले आहे आणि तिन्ही ठिकाणी ठळक.

क्लोरीन देऊनही फरक पडत नाही अशी तक्रार असते. तिचे कारण पुन्हा शेवाळातच आहे. भर दुपारी हिरवे तळे पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेते आणि पाण्याचा सामू नऊच्या वर जाऊ शकतो. क्लोरीनचा जंतू मारणारा अंश सामू साडेसात असताना निम्मा असतो, साडेआठला जेमतेम दहावा हिस्सा उरतो. म्हणजे दुपारी दोनला टाकलेले क्लोरीन बहुतेक फुकट जाते, आणि त्याच वेळी चढलेल्या सामूमुळे चुनाही ड्रिपरमध्ये बसू लागतो. पहाटे सामू सर्वांत खाली असतो. क्लोरीनची वेळ ती. पहाटेच तळ्यातला प्राणवायूही सर्वांत कमी असतो, कारण रात्रभर शेवाळ तो वापरत असते. सूर्य उगवायच्या आधी मासे तोंड वर काढून हवा घेताना दिसले तर तो रोग नव्हे. तळ्यात शेवाळ फार झाल्याची ती खूण आहे. आणि अमोनियाची खते सोडण्याच्या पाळीत क्लोरीन देऊ नये. दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात.

शेवटचे प्रकरण काचेच्या पेटीचे, म्हणजे घरच्या मत्स्यालयाचे. समुद्र खानदेशापासून लांब, तरी खाऱ्या पाण्याची पेटी ठेवणारे हौशी लोक इथल्या शहरांतही भेटतात. त्यांच्यासाठी हे प्रकरण लिहिताना माझ्या लक्षात आले की शेवाळ ओळखण्याची सर्वांत कडक परीक्षा तिथेच आहे, कारण तिथे एकाच रंगाच्या दोन थरांचे उपाय एकमेकांच्या अगदी उलट असतात. नव्या पेटीत पहिल्या काही आठवड्यांत वाळूवर येणारी तपकिरी भुकटी म्हणजे डायटम. बोटाने पुसली जाते, पाण्यातले सिलिकेट संपले की आपोआप जाते. तिला घाबरून पेटी रिकामी करू नये. बोअरचे पाणी आरओमधून न काढता मीठ कालवले तर मात्र ती जात नाही, कारण दर वेळी नवे सिलिकेट येत राहते. तांबडी-जांभळी, बुडबुडे धरलेली, अखंड सोलून निघणारी चादर लाल शेवाळाची नसते. ते आपले ओळखीचे सायनोबॅक्टेरिया, बर्फाच्या कप्प्यातल्या डबीचेच भाऊबंद. आणि तपकिरी, शेंबडासारखी लोंबणारी, दिवसा बुडबुड्यांसह वाढणारी आणि रात्री जवळजवळ नाहीशी होणारी गुंतवळ म्हणजे डायनोफ्लॅजलेट. ती बाटलीत घालून जोरात हलवावी, कागदी गाळणीतून गाळावी आणि ते पाणी उजेडात ठेवावे. तासाभरात धागे पुन्हा जुळले तर ओळख जवळजवळ पक्की. नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर आणणाऱ्या अतिदक्ष माणसाच्या पेटीत ही फार वेळा येते. डायटम समजून त्याने पाणी आणखी स्वच्छ केले की ती आणखी माजते.

केसाळ हिरव्या शेवाळांत डर्बेसियाचे धागे साधे आणि मऊ असतात, ब्रायॉप्सिसच्या मधल्या दांड्याला दोन्ही बाजूंनी बारीक फांद्या असतात. दुसरे काढायला फार चिवट. काढलेले शेवाळ आणि पेटीचे पाणी गटारात ओतू नये. १९८४ साली मोनॅकोच्या समुद्र संग्रहालयाबाहेर कॉलर्पा या पेट्यांतल्या शेवाळाचा एक छोटा ठिपका दिसला आणि पुढच्या काही वर्षांत ते भूमध्य समुद्राच्या तळावर दूरवर पसरले. समुद्री शेवाळ आपल्या नदीत जगणार नाही हे खरे, पण गोड्या पाण्याच्या पेटीतले जगेल. आणखी एक गोष्ट या हौशी मंडळींना मनापासून सांगायची आहे. कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. समुद्रातून तोडून आणलेला प्रवाळाचा तुकडा कुणी कितीही स्वस्त देत असला तरी घेऊ नये.

या वाटेने आधी चालून गेलेल्यांचा उल्लेख केला पाहिजे. टी. व्ही. देशिकाचारी यांचा 'सायनोफायटा' हा ग्रंथ १९५९ साली निघाला. निळ्या-हिरव्या गटासाठी भारतात आजही त्याच्याकडेच जावे लागते. व्ही. पी. बऱ्हाटे आणि जे. एल. तरार यांनी १९८०च्या दशकात भुसावळच्या तापीतल्या आणि खानदेशातल्या शेवाळांच्या याद्या 'फायकॉस' या नियतकालिकात प्रसिद्ध केल्या. हे काम इंग्रजीत आणि अभ्यासकांपुरते राहिले. बाटली घेऊन येणाऱ्या माणसाच्या हाती त्यातले काही पोहोचले नाही, ही मला या विषयातली सर्वांत मोठी उणीव वाटते. त्यानंतर शेततळी आली, ठिबक घरोघर गेले, पाण्यात नायट्रेट वाढले. तेव्हाच्या यादीतले आज काय उरले आणि नवे काय आले, हे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठातल्या आणि तालुक्याच्या महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांनी पुन्हा पाहावे अशी माझी आग्रहाची विनंती आहे. सूक्ष्मदर्शक तिथे आहेत, नद्याही जवळ आहेत.

पुस्तक सलग वाचायचे नाही. काडीच्या कसोटीपासून सुरुवात करावी. धागा लागला की कोणत्या पानावर जायचे आणि लेप लागला की कोणत्या, ते तिथेच सांगितले आहे. नमुना घेताना हातमोजे घालावेत, बाटली तोंडापर्यंत भरू नये, आणि ती गाडीच्या डिकीत दुपारभर ठेवू नये. उन्हात तासाभरात शेवाळ सडते आणि मग कोणतीच कसोटी लागू पडत नाही. लगेच पाहणे जमणार नसेल तर नमुन्याचे दोन भाग करून एकात आयोडीनचे थेंब पाणी चहाच्या रंगाचे होईपर्यंत घालावेत, म्हणजे तो काही आठवडे टिकतो. दुसरा जिवंत भाग ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवावा. बाटलीवर गाव, पाणी विहिरीचे की पाटाचे, तळे केव्हा भरले, शेवटचे खत केव्हा दिले आणि याआधी काय काय टाकले हे पेन्सिलीने लिहावे, कारण शाई ओलीने पसरते. ज्यांना पहिल्यांदाच शिकायचे आहे त्यांनी मे महिन्याची वाट पाहू नये. दिवाळीनंतर पाणी निवळते, शेवाळे थोडी असतात आणि एकेक वेगवेगळे दिसते; तेव्हा दर पंधरा दिवसांनी एक बरणी भरून पाहिली, तर उन्हाळ्यात हिरव्या होणाऱ्या पाण्यात कोण वाढणार आहे ते माघातच कळू लागते.